होडी जागेवर होती

बोलायचं नाही म्हणजे नाही. हा या घराचा नियम, आणि तो काकांनी घालून दिलेला. बुडी मारून आलेल्या दोघांनी खाली काय पाहिलं याबद्दल एकमेकांशी चकार शब्द काढायचा नाही. आधी एकाने काकांसमोर बसून सांगायचं, मग दुसऱ्याने, आणि दोघांचं जुळेल तेवढंच खरं धरायचं. एक सांगत असताना दुसऱ्याने मागच्या शेडमध्ये सिलिंडर भरत उभं राहायचं. तिथे कॉम्प्रेसरचा असा थडथडाट असतो की पुढच्या खोलीत कुणी खून केला तरी कळू नये. कारण साधं आहे. चाळीस मीटर खाली गेलं की नायट्रोजन डोक्यात चढतो आणि भला माणूस दोन पेग लावल्यासारखा होतो. अशी दोन झिंगलेली माणसं वर येऊन गप्पा मारायला लागली, की अर्ध्या तासात दोघांनीही तीच एक खोटी गोष्ट पाहिलेली असते, आणि वर शपथेवर सांगतात. बंदरातले बाकीचे पाणबुडे या नियमाला हसतात. खुशाल हसू देत. याच नियमावर या घराने लोकांच्या बुडालेल्या बोटी शोधून दिल्या आहेत.

स्वतःची तेवढी सापडत नव्हती. ती आज सकाळी सापडली.

बारकी अंगणातल्या टाकीत सूट बुचकळत होती. टाकीच्या पलीकडे ढब्बू, काकांचा मुलगा, मास्कच्या काचा पुन्हा पुन्हा पुसत होता. बारकी तिशी ओलांडलेली बाई, दोन हातांत दोन सिलिंडर घेऊन जिना चढते, पण घरात ती बारकीच. ढब्बूची तर आता हाडं मोजता येतील. काही उपयोग नाही, लहानपणी चिकटलेलं नाव या घरात सुटत नाही. दोघं सख्ख्या भावंडांसारखी वाढलेली, तो तिला ताई म्हणतो. आणि आज हा तिच्याकडे बघत नव्हता.

वर येताना थांबावं लागतं. रक्तात शिरलेला वायू निघून जाईपर्यंत नांगराच्या दोरीला धरून लटकत राहायचं, आधी खोल, मग जरा वर. तोंडात हवेचा रेग्युलेटर, त्यामुळे बोलायची सोय नाही. दर वेळी ढब्बू तिथे नाही नाही त्या खुणा करून तिला हसवतो, तिच्या मास्कमध्ये पाणी शिरेपर्यंत. आज तो मनगटावरच्या खोली मोजायच्या मीटरवरून नजर काढेना. म्हणजे त्यानेही पाहिलं होतं. की पाहिलं नव्हतं, आणि ताईला झिंग चढली म्हणून घाबरला होता? बारकीच्या डोक्याचा पार भुगा झाला होता.

बोट त्यांचीच होती, त्यात शंका नव्हती. मागच्या डेकवर दोर ओढायच्या विंचला एक लोखंडी पट्टी तिरकी जोडलेली होती. घरातल्या जुन्या फोटोत ती आहे, आणि इतकं वाकडं वेल्डिंग काकांशिवाय कुणाच्या हातून होणं शक्य नाही. पण मग ती केबिनला वळसा घालून मागे गेली, आणि तिला होडी दिसली. जीव वाचवायला ठेवतात ती, वल्ह्यांची. पालथी, दोरांनी आवळलेली, शिंपल्यांनी लगडलेली. जागच्या जागी.

आणि काका त्याच होडीतून जिवंत परत आले होते. निदान बारकी पाळण्यात होती तेव्हापासून या घरात तसंच सांगितलं जात होतं.

दोघे भाऊ त्या दिवशी एक बुडालेलं गलबत हुडकायला गेले होते. वादळ आलं, इंजिन बंद पडलं, बोट उलटली. थोरला, म्हणजे बारकीचा बाप, गेला. धाकटा होडीत चढला, वाऱ्याबरोबर वल्हवत किनाऱ्यापर्यंत आला, तिथे लाटेत होडी उलटून वाहून गेली आणि तो भूशिराजवळच्या वाळूवर सापडला. ही झाली गोष्ट. वारा दक्षिणेचा होता, म्हणून बोट भूशिराच्या दक्षिणेला बुडालेली असणार, म्हणून तिथल्याच समुद्राचा एक चौकोन आखून हे घर दरवर्षी तळ चाळत बसलं. आणि बोट निघाली उत्तरेला. समुद्रात केबल टाकणाऱ्यांच्या सोनार यंत्रावर तिची आकृती उमटली, तेव्हा काका म्हणाले होते, ती आपली नसेल, कुणाचा तरी तराफा असेल, उगाच हवा कशाला जाळता. बारकीने ऐकलं नाही. होडी वाऱ्यावर जाते. पाण्यात पडलेला माणूस प्रवाहाबरोबर जातो, आणि तिथला प्रवाह उत्तरेकडून येतो. हे तिला काकांनीच शिकवलं होतं.

"आधी तू," काकांनी दारातून हाक मारली. ढब्बू मुकाट्याने शेडकडे गेला आणि कॉम्प्रेसर सुरू झाला.

पुढच्या खोलीत, जिथे एरवी शिकाऊ लोकांना सूट मापून देतात, तिथे आज 'बंद' अशी पाटी लावली होती. भिंतीला पायात घालायच्या फिनांच्या जोड्या, कोपऱ्यात वजनाचे पट्टे. टेबलापाशी काका, चांगला कान पुढे करून. दुसरा कान पाण्याने कधीच खाल्ला. काकू बुकिंगच्या टेबलामागे. आणि खिडकीशी बारकीची आई, मांडीवर फाटका सूट, हातात जाड सुई. सूट शिवायचं काम तिचंच. ती कधी या सांगण्याला बसत नाही. आज कुणी न बोलावता आली आणि खुर्ची ओढून बसली. काकांना ते खटकलं, पण वहिनींना उठा कोण म्हणणार.

काकांचे प्रश्न ठरलेले असतात. तळ कसला, बोट कोणत्या कुशीवर आहे, हात कशाकशाला लावलास. बारकी एकेक सांगत गेली. विंचची पट्टी सांगितली तेव्हा काकांनी डोळे मिटून घेतले. खिडकीशी सुई थांबली आणि पुन्हा चालू झाली. मग शेवटचा प्रश्न, जो काका प्रत्येकाला विचारतात.

"काय दिसायला हवं होतं, आणि दिसलं नाही?"

"नको होतं ते दिसलं, काका," बारकी म्हणाली. "होडी जागेवर आहे. बांधलेली. मी दोर हाताने चाचपला."

काकांनी कानामागे हात नेला, ऐकू न आल्यासारखा. खरं तर स्वच्छ ऐकू आलं होतं. हे वाक्य आज ना उद्या कुणीतरी याच टेबलाशी बसून बोलेल, हे त्यांना ठाऊक होतं, फक्त ते बारकीच्या तोंडून येईल असं वाटलं नव्हतं. की वाटलं होतं, आणि म्हणूनच तिला इतकं चांगलं शिकवलं? त्यांचं त्यांनाच कळेना. "ठीक आहे," ते म्हणाले. "ढब्बूला पाठव."

ढब्बू शेडमध्ये सिलिंडरच्या काट्याकडे बघत उभा होता आणि काटा कधीच पुढे गेला होता. बारकीने येऊन कॉक बंद केला, तरी त्याला भान नव्हतं. त्यानेही होडी पाहिली होती. अगदी तिच्यावरच्या खिळ्यांसकट. वर येताना दोरीला धरून त्याने एकच विचार केला, की ताईला झिंग चढलेली असू दे. बाप खोटं बोलला असेल तर का बोलला असेल, हे त्याला पुढे विचारच करायचं नव्हतं. खोलीत जाऊन तो खुर्चीच्या कडेवर टेकला आणि सगळं बरोबर सांगितलं. तळ, कूस, विंच. मग म्हणाला, केबिनमागची होडीची जागा रिकामी होती.

काकूने सुस्कारा सोडला, तो सगळ्यांना ऐकू आला. ती या घरात आली ती अपघातानंतर. नवऱ्याला रात्री दचकून उठताना तिने इतक्या वेळा पाहिलं होतं की कुठेतरी पाणी मुरतंय हे तिला कळत होतं, पण कुठे, हे तिने कधी खणलं नाही. आपला संसार नीट चाललाय ना, मग झालं. ती लगबगीने शेडमध्ये गेली, कॉम्प्रेसर बंद केला आणि बारकीला दंडाला धरून आत घेऊन आली.

"ढब्बू म्हणतो तिथे काही नव्हतं. झिंग होती ती, बाळा. होतं असं. यात वाईट वाटून घ्यायचं नाही."

"मी हात लावला, काकू."

"तुझ्या काकांना एकदा खाली घड्याळांचं अख्खं दुकान दिसलं होतं. विचार त्यांना."

हे खरं होतं, आणि एरवी यावर सगळे हसले असते. बारकीने ढब्बूकडे पाहिलं. तो वजनाच्या पट्ट्यांकडे बघत होता. ती आठवायला लागली आणि आठवता आठवता होडी हलायला लागली. डाव्या बाजूला होती की उजव्या? दोर होता की तुटकी केबल? पालथी म्हणजे तांबडी बाजू वर, पण इतक्या खोल तांबडं काळपट दिसतं, मग तांबडं कुठून आलं? फोटोतून? तिचं तिलाच हसू आलं.

"मग मी खाली जाता कामा नये," ती म्हणाली. तिने मनगटावरचा मीटर सोडला आणि टेबलावर ठेवला. "मी लोकांना पाण्यात घेऊन जाते. उद्या कुणाची हवा संपत आली आणि मला भलतंच दिसलं तर?"

काकू म्हणाली, अगं एवढं काय त्यात. काका त्या मीटरकडे बघत राहिले. तो त्यांनीच तिला दिला होता, तिने पहिल्यांदा एकटीने माणूस वर आणला तेव्हा. गप्प राहिले असते तर सुटले असते. पोरगा त्यांच्या बाजूने खोटं बोलला होता, बायको पाठीशी उभी होती, नियमाप्रमाणे दोघांचं जुळत नाही म्हणजे काहीच पाहिलं नाही. इतका सोपा सुटकेचा रस्ता त्यांना पुन्हा मिळणार नव्हता.

"ढब्बू," ते म्हणाले, "होडी होती ना?"

"बाबा, मी..."

"तिला वेडी ठरवू नकोस. होती का?"

"होती," ढब्बू म्हणाला. आणि मग एवढा मोठा माणूस टेबलावर डोकं टेकून रडायला लागला.

काकूने मुलाच्या पाठीवर हात ठेवला, पण नजर नवऱ्याकडे होती, आणि ती नजर आता त्याच्या बाजूची नव्हती. बारकीने मीटर उचलला नाही.

"मग तुम्ही कसे आलात, काका?"

"मला माहीत नाही."

कुणाचाच विश्वास बसला नाही, त्यामुळे त्यांना सांगावं लागलं, आणि ते त्यांनी तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. डेक कलंडला, डोक्यात काहीतरी बसलं, मग वाळू. मधलं काही नाही, आजतागायत नाही. वाळूवर लोक जमले होते, कुणीतरी विचारलं, होडीतून आलात का, आणि त्यांनी मान हलवली. तेव्हा त्यांना स्वतःचं नावही सांगता आलं नसतं. दोन दिवसांनी नीट शुद्ध आली तोवर होडीची गोष्ट गावभर झाली होती. इतकं सांगून ते थांबले. काकू म्हणाली, मग यात लपवण्यासारखं काय होतं, आणि तिचा प्रश्न रास्त होता.

"माझ्या अंगात दादाचं जाकीट होतं," काका म्हणाले. "तरंगायचं. वाळूवर पडलो होतो तेव्हा बघितलेलं मला आठवतं. माझं मी नेलंच नव्हतं, ते इथे अंगणात वाळत होतं. बोटीवर एकच होतं, दादाच्या अंगात. ते माझ्या अंगात आलं कसं? मी हिसकावलं असणार. जिवाच्या भीतीने माणूस काय करेल सांगता येत नाही. मी रोज रात्री आठवायचा प्रयत्न करतो. कधी वाटतं आठवतंय, त्याचे हात दिसतात. पण ते मला ढकलतायत की मी त्यांना, ते कळत नाही."

"आणि म्हणून आम्हाला चुकीच्या पाण्यात शोधायला लावलंत," बारकी म्हणाली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "दरवर्षी. मी सुट्ट्या तिथे घातल्या. माझे बाबा दुसरीकडे पडले होते आणि तुम्ही मला नकाशा आखून देत होतात."

"सापडूच नयेत असं वाटायचं. आणि सापडावेत असंही. मी काय करणार होतो, पोरी?"

या माणसाने तिला पोहायला, श्वास घ्यायला, भीती गिळायला शिकवलं होतं. त्याचा तिरस्कार करावा असं तिला वाटत होतं आणि जमत नव्हतं, आणि जमत नाही म्हणून स्वतःचाच राग येत होता.

खिडकीशी बसलेल्या थोरलीने, बारकीच्या आईने, दाताने दोरा तोडला.

"भावजी," ती म्हणाली, "ते जाकीट तुमच्या अंगातून कुणी काढलं?"

काकांनी मान वळवली. "माहीत नाही, वहिनी. जागा झालो तेव्हा नव्हतं."

"मी काढलं."

ती उठली. भिंतीवर शिकाऊ लोकांची जाकिटं टांगलेली असतात, त्यातलं एक तिने काढलं. खणातून दोरीचा तुकडा घेतला आणि काकांसमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, उठा, हात घाला. काका आज्ञाधारक पोरासारखे उठले आणि त्यांनी हात घातले.

"ह्यांच्या जाकिटाचं बक्कल तुटलं होतं. मी नवीन लावून देते म्हणत होते, ही बारकी रडायची सारखी, राहून जायचं. मग हे दोरीने बांधायचे. ह्यांचा हात डावा. तुम्हाला ती गाठ कधी जमली का?"

"नाही," काका म्हणाले. "दादाची गाठ कुणालाच जमायची नाही."

"पाळण्याची दोरी त्याच गाठीने बांधलेली. सोडताना मी शिव्या घालायचे. सोडता सोडता शिकले." बोलता बोलता तिचे हात चालत होते, उलटे, आरशात बघून केल्यासारखे. एक फेरा, आतून दुसरा, टोक खाली खोचून घट्ट. "वाळूवर तुमच्या छातीवर ही होती. अशीच, माझ्या बाजूने बघितली तर सरळ. म्हणजे बांधणारा तुमच्या समोर उभा होता, आत्ता मी आहे तसा. हिसकावलेलं जाकीट असं कोण बांधून देतं, भावजी?"

काकांनी खाली वाकून छातीकडे पाहिलं आणि बोटाने ती गाठ चाचपली, एकदा वरून, एकदा खालून. मग ढब्बूने मागून खुर्ची पुढे केली आणि ते बसले.

"वहिनी, तुम्ही बोलला का नाहीत? इतकी वर्षं?"

"तुम्ही होडी म्हणालात ना. मला वाटलं, तुम्हाला सगळं आठवतंय आणि मला कळू नये म्हणून होडी म्हणताय. की बायको होती, पाळण्यात पोर होती, तरी ह्यांनी जाकीट भावाला घातलं. तुम्ही माझ्यासाठी एवढं झाकताय, मग मी कशाला उघडू? आणि खरं सांगू? मला बोलायचंच नव्हतं. मला राग होता. तुमचा नाही, ह्यांचा. अजून आहे."

काकू रडत होती, बहुतेक आपण तीस वर्षं कशाला घाबरत होतो ते तिला आत्ता कळत होतं, किंवा कळतही नव्हतं. ढब्बू आळीपाळीने सगळ्यांकडे बघत होता. बारकी उभी होती तिथेच होती. सकाळपर्यंत तिला एक बुडालेला बाप होता आणि एक जिवंत परत आलेला काका. दुपारी काका खुनी झाला. आता तो निर्दोष होता, आणि बापाने तिला सोडून याला निवडलं होतं. त्याने तसं केलं नसतं तर तिला पोहायला कोणी शिकवलं असतं? आणि केलं नसतं तर शिकवायला बापच असता. ती हा विचार पुढे नेत होती आणि तो फिरून तिथेच येत होता.

काका गाठ सोडायचा प्रयत्न करत होते. दोरी हलत नव्हती.

"तू सोड," थोरली बारकीला म्हणाली. "मी एकदा सोडली आहे."

आणि ती परत खिडकीशी जाऊन बसली, तिने सुईत दोरा ओवायला घेतला. बारकी काकांसमोर गुडघे टेकून बसली. बापाच्या हातची म्हणावी अशी एवढी एकच गोष्ट ती आज पाहत होती. तिने खालचं टोक ओढलं तर गाठ आणखी आवळली. काकांनी श्वास रोखून धरला. बारकी थांबली, आईकडे वळून पाहिलं, पण आई सुईकडे बघत होती. मग तिने दुसरं टोक धरलं.